हातांच्या आजाराला भरपाईच्या यादीत जागा द्या: सोलापुरातून कामगार विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री आणि मा. प्रधान सचिव,
कामगार विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

प्रत: सहायक कामगार आयुक्त, सोलापूर, राज्य कामगार विमा रुग्णालय आणि शासकीय रुग्णालय, सोलापूर येथील वैद्यकीय अधिकारी

विषय: विडी, यंत्रमाग आणि शिलाई कामगारांच्या हात-मनगटाच्या आजारांचा व्यावसायिक आजारांत समावेश करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

सोलापुरात विडी वळणाऱ्या, चादरी-टॉवेल विणणाऱ्या आणि गणवेश शिवणाऱ्या कामगारांच्या भरपाईच्या दाव्यांची कागदपत्रे आम्ही तयार करतो. यंत्रात बोट सापडले तर दावा कसा चालवायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे: तारीख असते, वेळ असते, पाहणारे असतात. पण पंधरा-वीस वर्षे एकच हालचाल करून हातातली पकड गेली, तर तो दावा पहिल्याच पायरीवर अडतो. तिथे आडवी येते ती कायद्याच्या शेवटी जोडलेली एक यादी. ती वाढवणे सरकारला शक्य आहे, म्हणून हे पत्र.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांची यादी होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आणि तिच्याही तिसऱ्या अनुसूचीत जवळपास तीच यादी उतरली. शिसे, पारा, बेंझीन, क्रोमियम यांची विषबाधा तिच्यात आहे. गोंगाटाने येणारा बहिरेपणा आहे. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजारही आहे, जो या गिरणगावाला नव्याने सांगायला नको. मात्र तीच ती हालचाल करून मनगटातली नस दबणे, अंगठ्याच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) सुजणे, बोट अडकणे यांतले काहीही त्या यादीत नाही.

आजार यादीत असला की कामगाराचे ओझे हलके होते. यादीच्या 'ब' भागातला आजार असेल आणि त्या कामात सलग सहा महिने गेले असतील, तर तो आजार कामामुळेच झाला असे कायदा धरून चालतो. तसे नाही, हे मालकाने सिद्ध करायचे. आजार यादीत नसेल तर 1923 च्या कायद्याचे कलम 3(4) लागू होत असे: आजार एखाद्या ठरावीक अपघाती इजेमुळे थेट उद्भवला असेल तरच भरपाई. मनगटाची नस काही एका दिवसात दबत नाही. मग अर्जातल्या 'अपघाताची तारीख' या रकान्यात काय लिहायचे? रकाना कोरा ठेवला तर अर्ज त्रुटीत निघतो. कामाच्या ताणात हात लचकला तो एखादा दिवस धरून तारीख घातली, तर उलटतपासणीत विचारतात की एका दिवसाच्या लचकेने दोन्ही हातांच्या नसा कशा दबल्या.

राज्य कामगार विमा योजनेतही तीच अडचण पैशांच्या रूपाने समोर येते. आजार कामामुळे झाला असे मानले तर अपंगत्व लाभ मिळतो: काम करता येत नाही तोवर वेतनाच्या 90 टक्के, आणि कायमचा दोष राहिला तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम. त्यासाठी किती दिवसांची वर्गणी भरली याची अट नाही. तसे मानले नाही तर उरतो साधा आजारपण लाभ: 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस, आणि तोही आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात 78 दिवस भरले असतील तर. हात तोच, दुखणे तेच, पण एकीला पेन्शन मिळते आणि दुसरी तीन महिन्यांनी पुन्हा कात्री हातात घेते.

आता हे काम नेमके कसे चालते ते पाहावे, कारण अधिसूचनेत कामाचे वर्णन याच तपशिलाने यायला हवे. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असते. भिजवून नरम केलेले तेंदूचे पान पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीने कापायचे. कापलेले पान चिमटीत धरून त्यावर तंबाखू पसरायची, दोन्ही अंगठे आणि तर्जनींनी गुंडाळी घट्ट वळायची, दोरा गुंडाळून ओढायचा, तोंड दुमडून बंद करायचे. मजुरी हजारावर असते. हजार विड्या म्हणजे कात्री, चिमटी, वळण, दोरा आणि दुमड यांतली प्रत्येक हालचाल दिवसाला हजार वेळा, आणि खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या भरून द्यायच्या त्या वेगळ्याच. पान जून किंवा फाटके निघाले की कात्री अधिक चालते आणि वळायलाही जोर लागतो. म्हणजे खराब मालाचा भार शेवटी अंगठ्यावर पडतो.

प्रत्येक हालचालीचे दुखणे वेगळे. कात्री अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या दोन कंडरांना घासते. त्या सुजल्या की अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवताना बाई कळवळते. घट्ट चिमटी आणि वाकलेले मनगट यांनी मनगटाच्या बोगद्यातली मधली नस दबते: अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू यांत मुंग्या येतात, रात्री झोपमोड होते, हात झटकला की थोडा वेळ बरे वाटते. दोरा ओढता ओढता बोटाच्या कंडरेवर गाठ धरते आणि सकाळी बोट वाकलेले अडकून बसते. दुसऱ्या हाताने सोडवले की खट् आवाज येतो.

यंत्रमागावर तुटलेला ताण्याचा धागा चिमटीत पिळून गाठायचा असतो. नवीन बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) जोडताना हेच काम हजारो धाग्यांवर करायचे. कांडी भरणाऱ्या बायकांचे मनगट एकाच दिशेला वळत राहते. टेरी टॉवेलच्या कडा शिवताना जाड थर तळहाताच्या टाचेने मशीनखाली रेटावा लागतो, आणि नेमकी तिथेच ती नस असते. गणवेशाच्या कारखान्यात धागे छाटणाऱ्या मुली दिवसभर छोटी कात्री दाबत असतात. या कामांत मनगट सरळ ठेवून हात चालवण्याची सोय जवळजवळ नसते. रात्री मनगटपट्टी बांधून झोपले तर सुरुवातीच्या टप्प्यात फरक पडतो, पण पट्टी बांधून विडी वळता येत नाही. म्हणजे उपचारापुरते तरी काम थांबवावे लागते, आणि काम थांबले की मजुरी थांबते. त्यामुळे आजार अंगठ्याच्या उशीतला मांसल भाग झिजेपर्यंत अंगावर काढला जातो. एकदा तो झिजला की शस्त्रक्रियेनेही पकड पूर्ण परत येईलच असे नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2010 मध्ये सुधारलेल्या आजारांच्या यादीत मनगटाच्या बोगद्यात नस दबणे, अंगठ्याच्या मुळाशी कंडरा सुजणे, हात-मनगटाच्या कंडरांची जुनाट सूज आणि कोपराची सूज हे सगळे नोंदले आहे. कारण म्हणून तिथे तीच ती हालचाल, जोराचे काम आणि मनगटाची अवघडलेली ठेवण स्पष्ट लिहिली आहे. भारत 1919 पासून, म्हणजे स्थापनेपासून, या संघटनेचा सदस्य आहे. त्यामुळे विज्ञान अजून ठरलेले नाही असे म्हणून हा विषय पुढे ढकलता येणार नाही.

दावे कुठे फसतात ते आता क्रमाने सांगतो. यातल्या काही गोष्टी कायदा न बदलता उद्याच सुधारता येतील.

पहिली चूक केसपेपरवर होते. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, डॉक्टर 'हातदुखी' लिहून गोळ्या देतात. व्यवसाय लिहिला जात नाही, कोणता हात तेही लिहिले जात नाही, बोटांची नावे नसतात. दोन वर्षांनी दावा उभा राहतो तेव्हा हाच कागद पहिला पुरावा असतो आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या कित्येक महिला घरात तेलुगू बोलतात. मुंग्या, बधिरपणा आणि वेदना यांतला फरक घाईत मराठीत सांगणे त्यांना जड जाते. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही हातांची बाह्याकृती छापलेला कागद ठेवावा, जिथे मुंग्या येतात तिथे रुग्णाने पेन्सिलीने रंगवावे, खाली कामाचे नाव, वर्षे आणि रोजचे नग लिहावेत, डॉक्टरांनी सही करावी. आमची विनंती आहे की विमा रुग्णालयाने आणि शासकीय रुग्णालयाने ही पद्धत सुरू करावी.

दुसरा घोळ तपासणीचा. नसेची वाहकता मोजणारी चाचणी, जिला सगळे एन.सी.व्ही. म्हणतात, ती मनगटातल्या नसेसाठी उपयोगी आहे. पण सुरुवातीच्या टप्प्यात ती नॉर्मल येऊ शकते. कंडरांच्या सुजेत आणि बोट अडकण्याच्या आजारात तर ती काहीच दाखवत नाही, कारण तिथे नस गुंतलेलीच नसते. तरीही 'एन.सी.व्ही. नॉर्मल, सबब व्यावसायिक आजार नाही' असे शेरे मारले जातात. हे थांबायला हवे. कंडरांसाठी हाताने केलेली तपासणी आणि गरज पडल्यास सोनोग्राफी हा पुरावा मानावा.

मालकाच्या बाजूने ठरलेला बचाव येतो: बाईला मधुमेह आहे, थायरॉइड आहे, पाळी जाण्याचे वय आहे. यांनीही नस दबू शकते, हे खरे आहे. म्हणून आम्ही कामगारांना सांगतो की तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची आणि थायरॉइडची तपासणी आधीच करून घ्या आणि अहवाल दाव्याला जोडा; लपवू नका. त्याबरोबर हेही लिहून घ्या की कामाचा हात जास्त खराब आहे का, सुट्टीत किंवा कारखाना बंद असताना मुंग्या कमी होतात का, काम सुरू झाल्यावर पुन्हा वाढतात का. साखर असलेल्या बाईचा हात कामाने बिघडू शकत नाही असे कोणतेही वैद्यकशास्त्र सांगत नाही. आजार यादीत आला तर हा वाद संपणार नाही, पण तो मालकाला सिद्ध करावा लागेल. आज त्याचा सगळा भार दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईवर आहे.

मुदतीचा मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. दावा दोन वर्षांत करायचा. व्यावसायिक आजारात ही दोन वर्षे, आजारामुळे कामगार सलग गैरहजर राहू लागला त्याच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पण दुखत असूनही ती कामावर येतच राहिली, अंशतः अपंगत्व आले तरी खाडा केला नाही, तर मुदत तिने मालकाला नोटीस दिल्याच्या दिवसापासून धरतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी याच दुसऱ्या प्रकारातल्या असतात. म्हणून नोटीस साध्या भाषेत का असेना, पण लेखी हवी: नाव, पत्ता, काम, कोणत्या हाताला काय होते, कधीपासून. ती स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावी आणि एक प्रत अंगठा किंवा सहीनिशी जपून ठेवावी. नोटीस मिळाल्यावर मालक तीन दिवसांत स्वतःच्या खर्चाने डॉक्टरांकडून तपासणी करून घेऊ शकतो. तिला नकार देऊ नये, नाहीतर भरपाईचा हक्क तेवढा काळ स्थगित होतो.

कामाचा पुरावा म्हणून लॉगबुक, विडी कामगार ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि मजुरी जमा झालेले बँक पासबुक पुरते. घरी विडी वळणाऱ्या कामगारांनाही भविष्य निर्वाह निधी लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच मान्य केले आहे, त्यामुळे 'ही आमची कामगारच नाही' हा बचाव टिकू नये. लॉगबुकात रोजचे नग लिहिलेले असतात. हात किती वेळा हलला याचा याहून चांगला पुरावा कुठल्या कारखान्यात सापडणार नाही. पण दुसऱ्याच्या नावाच्या पुस्तकावर काम चालत असेल तर हा पुरावा मातीमोल होतो, आणि अशी उदाहरणे कमी नाहीत. निरीक्षकांनी लॉगबुक तपासताना हे पाहावे.

टक्केवारीचा गोंधळ सर्वांत महाग पडतो. दिव्यांग प्रमाणपत्रावर 12 किंवा 15 टक्के लिहिलेले असते आणि 40 टक्क्यांच्या आत आहे म्हणून दावाच होत नाही असे बाईला सांगून परत पाठवतात. हे चूक आहे. 40 टक्क्यांची अट दिव्यांग हक्क कायद्याच्या सवलतींसाठी आहे. भरपाईत मोजायची असते ती कमावण्याची क्षमता किती घटली. कायद्यातल्या इजांच्या वेगळ्या अनुसूचीत टक्केवारी मोजून दिलेल्या इजांपैकी तो दोष नसेल तर ती घट पात्र डॉक्टरांनी ठरवायची असते. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात, डावा हात कोपराच्या वर कापलेल्या सुताराची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असे धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. विडी वळणारीची चिमटी गेली तर तिच्याकडे दुसरे कोणते काम उरते, हा प्रश्न वैद्यकीय मंडळाने स्वतःला विचारायला हवा. मंडळाने केवळ सांध्याची हालचाल अंशांत मोजू नये. चिमटीचा जोर मोजावा, पाच मिनिटे कात्री चालवायला सांगावी आणि काय होते ते नोंदवावे.

रकमेचा हिशेब उदाहरणाने सांगतो. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक असे सूत्र आहे. वय 45 असेल तर गुणक 169.44. मासिक मजुरी 9,000 रुपये धरली तर 5,400 गुणिले 169.44, म्हणजे 9,14,976 रुपये. कमाईची क्षमता 20 टक्के घटली असे ठरले तर त्याचे 20 टक्के, म्हणजे सुमारे 1,83,000 रुपये. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि विलंबाला योग्य कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. या रकमेत शस्त्रक्रिया, त्यानंतरचे विश्रांतीचे आठवडे आणि एखादे शिलाई मशीन किंवा छोटे दुकान उभे राहू शकते. 'औषधपाण्याला' म्हणून चार-पाच हजार देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेतला, तरी भरपाईचा हक्क सोडल्याचा असा करार कायद्याने रद्दबातल आहे, हे आम्ही इथे मुद्दाम लिहितो.

घराचा प्रश्न उरतो आणि तो सोलापूरसाठी सर्वांत मोठा आहे. ठेकेदारामार्फत काम असले तरी मूळ मालक जबाबदार, असे 1923 च्या कायद्याचे कलम 12 म्हणत होते. पण त्याच कलमाचे चौथे उपकलम ती जबाबदारी मालकाच्या ताब्यातल्या किंवा कामाच्या जागेपुरती मर्यादित करत होते. विडी तर घरी वळली जाते. सोलापूरजवळच्या कुंभारी येथील विडी कामगारांच्या घरकुलात ओट्यावर बसलेल्या बाईचे सूप हीच तिची कामाची जागा आहे, पण ती मालकाच्या ताब्यात नाही. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांना कामगार मानले होते. नव्या संहितेने घर आणि कामाची जागा यांमधल्या प्रवासातला अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचा मानला आहे. रस्त्यापर्यंत पोचलेला कायदा घराच्या उंबऱ्याशी थांबू नये.

यंत्रमाग आणि गारमेंट मालकांनाही एक सांगायचे आहे. या मागणीने धंदा बुडेल ही भीती बाळगू नका. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आणि विमा योजनेत नोंदलेल्या कारखान्यात, 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराची भरपाई विमा महामंडळ देते, तुम्ही 3.25 टक्के वर्गणी त्यासाठीच भरता. नोंदणी टाळणाऱ्याच्या मात्र खिशातून ती जाईल. प्रामाणिकपणे वर्गणी भरणाऱ्या मालकाला आमच्या मागणीचा त्रास नाही.

आता मागणी. 1923 च्या कायद्याच्या कलम 3(3) ने, राजपत्रात किमान तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन नवीन काम आणि त्याचे आजार यादीत जोडण्याचा अधिकार केंद्राबरोबर राज्य सरकारलाही दिला होता. या यंत्रमागाच्या आणि विडीच्या जिल्ह्यातल्या हातांसाठी तो वापरला गेला नाही. नव्या संहितेखाली आता नियम आणि अधिसूचना निघत आहेत, तेव्हा हे काम याच टप्प्यात व्हावे. राज्याच्या अखत्यारीत जेवढे येते तेवढे राज्याने करावे आणि उरलेल्यासाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे लेखी शिफारस पाठवून तिची प्रत जाहीर करावी. तीत कामे अशी लिहावीत: घरी किंवा कारखान्यात विडी वळणे आणि पान कापणे, यंत्रमागावर धागे गाठणे, बीम जोडणे, कांडी भरणे, शिलाई, ओव्हरलॉक, काज-बटण आणि हातकात्रीने धागे छाटणे, टॉवेल-चादरींच्या कडा शिवणे आणि घड्या घालणे. आजार असे: मनगटाच्या बोगद्यात नस दबणे, अंगठ्याच्या मुळाशी कंडरांची सूज, हात-मनगटाच्या कंडरांची जुनाट सूज, बोट अडकणे, कोपराची सूज. 'हाताचे विकार' असे मोघम शब्द नकोत, कारण मोघम शब्दांवर पहिली तारीख पडते ती हरकतीचीच. घरी बसून काम करणाऱ्या कामगारासाठी मालकाने दिलेला माल जिथे घडवला जातो ती जागा कामाची जागा मानावी, हे स्पष्टीकरण सोबत यावे.

पूर्वसूचना निघाल्यावर सहायक कामगार आयुक्तांनी सोलापुरातच सुनावणी ठेवावी: एक दिवस पूर्व भागात, एक दिवस अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत, मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांत. नावे काढून टाकलेले केसपेपर, लॉगबुकांच्या प्रती आणि फेटाळलेल्या दाव्यांचे आदेश आम्ही त्या दिवशी सादर करू. दोन वर्षांच्या मुदतीत असलेले दावे रोज थोडे थोडे मुदतीबाहेर जात आहेत, म्हणून सुनावणीची तारीख लवकर कळवावी.

आपले,
विडी, यंत्रमाग आणि शिलाई कामगारांच्या भरपाई दाव्यांचे काम करणारे कार्यकर्ते, सोलापूर